महिन्यातून वीस मिनिटं

मे महिन्याचा पहिला रविवार. चेंबूर. साडेदहा.
शेवग्याखाली ढवणबाईंची गाडी.
टेम्पोचं घर केलंय: पलंग, शेगडी, चिमुकली मोरी,
आणि पलंगाखाली हा हीटर,
मोठ्या थर्मासएवढा.
मी बटण दाबतो.
बाहेर पस्तीस आहे. सावलीत.

सेक्रेटरी हेगिष्टे बनियनवरच खाली येतात.
"मे महिन्यात हीटर?"
सांगतो, महिन्यातून वीस मिनिटं पेटवावाच लागतो,
नाहीतर डिझेल नळीत चिकटून बसतं,
पंप आखडतो,
आणि ज्या रात्री खरंच हवा असतो
त्या रात्री नुसता लाल दिवा लुकलुकतो.
हेगिष्टे दिव्याकडे बघतात. मग माझ्याकडे.
"आणि ती रात्र चेंबूरला कधी येणार?"

खरं तर मलाही ठाऊक नाही.
मी भाऊच्या धक्क्यावरचा,
होड्यांची इंजिनं उघडण्यात हयात गेली.
तिथे पाणी फिरवायचं ते उष्णता समुद्रात टाकायला.
इथे तसंच पाणी, तशीच नळी, तसाच पंप,
फक्त उष्णता टाकायची नाही,
माणसाच्या पायापाशी नेऊन ठेवायची.
पहिल्यांदा उघडला तेव्हा
डाव्या हाताने जेवल्यासारखं वाटलं.
थंडी मला एवढीच माहीत:
ससून डॉकला बर्फाच्या लाद्या,
गोणपाटातून खांद्यात उतरणाऱ्या.
वय बारा, रोज आठ रुपये.

काल सगळं पाणी काढलं.
हिरवं असायला हवं, निघालं चहाच्या गाळासारखं.
आतली काजळी आइस्क्रीमच्या काडीने खरवडली,
लोखंड लावलं तर चरा पडतो.
क्लिपा बदलल्या, नऊ.
निम्मं कूलंट, निम्मं पाणी. नळाचं नाही.
"उकळून गार केलेलं?" बाईंनी विचारलं.
म्हटलं, बॅटरीत घालतात ते.

तरी शेवटचा रेडिएटर थंडच.
हवा अडकलेली.
बाई एकतीस वर्षं केईएमला एक्स-रे काढायच्या.
त्या टाकीपाशी उभ्या, मी स्क्रूपाशी आडवा,
घाम कानात.
अर्धा आटा सैल केला,
आणि बाई, सवयीनेच:
"श्वास घ्या. रोखून धरा."
नळी फुसफुसली, खोकली,
दोन हिरवे बुडबुडे, मग सलग धार.
"सोडा."
मी खरंच रोखला होता.

हेगिष्टे कधी आत येऊन बसले कळलंच नाही.
रेडिएटरवर हात ठेवून म्हणाले, "तापला की हो!"
आणि आम्ही तिघं, त्या भट्टीत,
घाम निथळत, उगाचच खूश.

*

जानेवारीत रात्री अकराला फोन. काझाहून.
"उणे सतरा आहे. ऐका."
फोन पलंगाखाली धरला असावा.
टक. टक. टकटक.
डिझेलचा पंप. त्यामागे पाण्याची बारीक घरघर,
सरळ, कुठे न अडखळणारी.
हवा नाही.
माझ्या डोक्यावर पंखा पाचवर.
बायकोने कूस बदलली. "कोण आहे?"
"पाणी," मी म्हटलं.

फेब्रुवारीचा पहिला रविवार.
काम नव्हतं, तरी बस पकडून गेलो.
शेवग्याखाली फुलांचा सडा,
गाडीचा रिकामा चौकोन,
आणि मागच्या चाकाच्या जागी एक हिरवा ठिपका,
वाटाण्याएवढा. बोट लावलं. चिकट.
"निघायच्या दिवशी टाकी भरताना सांडलं असेल,"
हेगिष्टे गॅलरीतून म्हणाले.
असेलही.
मी नऊच्या नऊ क्लिपा मनात पुन्हा आवळल्या.
आठवी आडोशाला होती, हात पुरत नव्हता,
तिथे पाना नीट बसला होता का
ते काही केल्या आठवेना.
फोन लावला.
घंटा वाजत होती.